कृत्रिम कूर्चेचं पीव्हीए जेल: गोठवण्याइतकंच वितळवणंही जपा

पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पॉलिमरचं) हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, एकदा ओढून तोडलं आणि चांगला आकडा आला, एवढ्यावर ते सांध्यातल्या कूर्चेच्या जागी टिकेल असं म्हणता येत नाही. चालताना गुडघ्यावर वर्षाला साधारण दहा लाख वेळा भार येतो. खरा प्रश्न आहे थकव्याचा, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन जेल हळूहळू चिरण्याचा, आणि त्याचं उत्तर बरंचसं जेल बनवतानाच ठरतं.

९९ टक्क्यांहून जास्त हायड्रोलाइझ्ड (डब्यावर तसं लिहिलेलं असतं) पीव्हीए १५ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी ८५ ग्रॅम. झाकण लावून ९५ अंशांवर दोन-तीन तास ढवळा आणि उडालेलं पाणी वजन करून भरा. गोव्याच्या पावसाळ्यात पावडर ओल धरते, म्हणून आधी वाळवून मगच तोला. द्रावण ओव्हनमध्ये ६० अंशांवर ठेवून बुडबुडे वर येऊ द्या. आत राहिलेल्या बुडबुड्यापासूनच पुढे चीर पडते. मग साच्यात ओतून, झाकून, उणे २० अंशांवर १२ तास.

शोधनिबंधांत पुढे ‘खोलीच्या तापमानाला वितळवा’ असं लिहिलेलं असतं. मडगावातली मे महिन्यातली खोली ३२ अंशांची! शून्याच्या जरा खाली पीव्हीएच्या साखळ्या जवळ येऊन स्फटिक बनवतात आणि तेच जेलला बांधून ठेवतात. वितळणं घाईत झालं की स्फटिक कमी बनतात, जेल लिबलिबीत राहतं. मासळीवाले वापरतात तसली थर्माकोलची पेटी घ्या, साचा आत ठेवा आणि पेटी रात्रभर ४ अंशांच्या फ्रिजमध्ये राहू द्या. अशी तीन ते सहा आवर्तनं करा. फ्रीझरमध्ये तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र हवंच. लाईट गेली तर जेल अर्धवट वितळून पुन्हा गोठतं, आणि ते आवर्तन तुमच्या हिशोबात येत नाही.

चाचणी ३७ अंशांच्या सलाइनमध्ये, सेकंदाला एक दाब. दहा लाख दाबांना साडेअकरा दिवस लागतात. वेग दसपट करून वेळ वाचवू नका: दाबलेल्या जेलमध्ये पाणी परतायला उसंत मिळत नाही आणि आकडे फसवे येतात. यूपीएस लावा, कारण मध्येच यंत्र थांबलं तर जेल पाणी पिऊन सावरतं.

वाळवून तापवलेल्या पीव्हीएत स्फटिक वाढतात. २०१९ साली एमआयटीच्या गटाने अशा जेलची थकवा-मर्यादा (जिच्या खाली पुन्हापुन्हा भार येऊनही चीर वाढत नाही) चौरस मीटरला १००० ज्यूलच्या वर नेली. पण स्फटिक वाढले की पाणी घटतं, आणि कूर्चेची कामगिरी पाण्यावरच चालते.

जेल मजबूत झालं तरी हाडात बसवण्याचा प्रश्न उरतो. पायाच्या अंगठ्यासाठीच्या कार्टिव्हा या पीव्हीए रोपणाला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, २०२४ मध्ये ते परत मागवलं गेलं. हाडात खचणं आणि जागेवरून सरकणं ही त्यामागची कारणं होती. गुळगुळीत पीव्हीएला हाड चिकटत नाही. म्हणून जेल पोलादी पाटावर ठेवून दाबण्याबरोबरच हाडासारख्या सच्छिद्र पॉलियुरेथेन फोममध्येही जेलची गुडदी (बुचासारखा तुकडा) बसवून दाबा, आणि ती किती मिलिमीटर आत गेली ते दर लाख दाबांनंतर मोजा.