तुम्ही विचारलंत म्हणून: जॅझ ट्रिओचा अल्बम दोन दिवसात, मग वर्षभर काय करता?

मी डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) वाजवते, आमचा पियानो-बास-ड्रम्सचा ट्रिओ आहे, आणि अल्बम आला की हा प्रश्न ठरलेला. रेकॉर्डिंग एक-दोन दिवसात उरकलं म्हणता, सोलो तर काय तिथल्या तिथे सुचतात, मग तालमी कसल्या करत होतात? सांगते, जरा लांबेल.

आधी ट्रिओ जमतो कसा ते. बाहेरून वाटतं पियानोवाला दोन साथीदार गाठतो आणि झालं काम. गाठतो तोच, पण ते टिकणार की नाही हे बास आणि ड्रम्सवर ठरतं (बासवाली आहे म्हणून असं म्हणतेय असं वाटेल, वाटू दे). मात्रा म्हणजे काही बारीक रेघ नसते, तिला थोडी जाडी असते, कोणी तिच्या पुढच्या कडेवर वाजवतं कोणी मागच्या. बास किंचित पुढे आणि ड्रमरची राइड सिंबल (ज्या मोठ्या झांजेवर तो लय धरतो ती) किंचित मागे असली तर कधी त्यातून मस्त ताण तयार होतो आणि कधी नुसतीच ओढाताण, दर कोरसला, म्हणजे ट्यूनच्या दर फेरीला, लय मंदावत जाते. आणि हे सांगून सुटत नाही हो, ‘जरा मागे ये ना’ म्हटलं की समोरचा इतका विचार करायला लागतो की जे होतं तेही जातं. म्हणून नवीन ड्रमर भेटला की त्याचा सोलो मी फारसा ऐकत नाही, एखादी अगदी संथ बॅलड काढते, काठ्या खाली ठेवून ब्रशेसवर. फास्टमध्ये सगळे लपतात. संथ लयीत दोन मात्रांच्या मधे एवढी जागा असते की तिथे माणूस काय करतो ते लगेच उघडं पडतं, बहुतेक जण घाबरून ती भरून काढतात. आमच्या ड्रमरने ती रिकामी सोडली. तिथेच ठरलं.

बास नुसता चार मात्रांना चार सूर देत मागे चालायचा, ते पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रिओने मोडलं. १९५९ मध्ये बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन त्याच्याबरोबर आले आणि तिघं एकमेकांच्या बोलण्यात मधे बोलावं तसं वाजवायला लागले. जुलै १९६१ मध्ये लाफारो कार अपघातात गेला, २५ वर्षांचा होता. त्या तिघांचे स्टुडिओ अल्बम दोनच. आजही कुठलाही बासवाला त्यांच्याकडे गेल्याशिवाय राहत नाही.

मग तुम्ही म्हणाल की तालमीशिवायही झालेत की अल्बम. झालेत. मार्च १९५७ मध्ये सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सने बासवर रे ब्राउन आणि ड्रम्सवर शेली मॅनला घेऊन पियानोशिवायचा अल्बम केला, तिघांना वेळ मिळेना म्हणून सेशन पहाटे तीनला सुरू केलं. १९६२ मध्ये पियानोवर ड्यूक एलिंग्टन, बासवर चार्ल्स मिंगस आणि ड्रम्सवर मॅक्स रोच एका दिवसासाठी एकत्र आले, मिंगस मधेच चिडून निघाला तर एलिंग्टनने समजूत काढून परत आणला. पण ही माणसं रोज रात्री कुठे ना कुठे वाजवत होती, शेकडो ट्यून्स तिघांनाही पाठ, तालीम झालेलीच होती, फक्त एकत्र झाली नव्हती. आम्हा बाकीच्यांना ती करावी लागते. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचा आल्फ्रेड लायन तर सेशनच्या आधीच्या तालमीचेही पैसे द्यायचा, आणि त्या रेकॉर्ड्स ऐकताना ते कळतं.

तालमीत सोलो बसवत नाही. बसवतो ते सुरुवात, शेवट, आणि बास सोलोनंतर परत मुखड्यावर कोण कोणाला आणणार ते. बत्तीस बारचा (बार म्हणजे बहुतेकदा चार मात्रांचा गट) साचा तिघांच्याही डोक्यात इतका मुरायला हवा की ड्रमरने आठ बार उलटसुलट काही केलं तरी नवव्या बारच्या पहिल्या मात्रेवर तिघं एकत्र उतरतील. यात महिने जातात.

स्टुडिओत पहिला वाद एकच, एका खोलीत वाजवायचं की वेगवेगळ्या बूथमध्ये. बूथ घेतलं तर चुकलेला सूर नंतर दुरुस्त होतो, पण सगळं हेडफोनमधून. एका खोलीत बसलं की सिंबल पियानोच्या माइकमध्ये शिरते, पियानो माझ्या माइकमध्ये, त्यामुळे एकट्याचं काही बदलता येत नाही, टेक घ्यायचा तर तिघांचा नाहीतर सोडायचा. आम्ही एकच खोली घेतो, कारण ड्रमर माझा आवाज हवेतून ऐकतो तेव्हा आपोआप हळू आवाजात वाजवतो, हेडफोनमध्ये तो मला नुसता मोठा करून घेतो. जोडकाम तरीही होतं. एका टेकचा मुखडा, दुसऱ्याचे सोलो, कोरसच्या तोंडावर कापून जोडायचे. क्लिक (हेडफोनमधली लय धरणारी टिकटिक) नसतो, म्हणजे दोन्ही टेकची लय मुळात जुळायला हवी, आणि कापलेल्या जागेवर सिंबलची गुंज अर्धवट तुटली तर लगेच कानाला टोचतं.

तिसऱ्या टेकनंतर माणूस आधीच्या टेकमधलं आवडलेलंच परत वाजवायला लागतो, हे नक्की. तेव्हा ती ट्यून तिथेच सोडून दुसरी घ्यायची.

खरा वेळ नंतर जातो, टेक निवडण्यात. प्रत्येक जण फक्त स्वतःला ऐकतो, पियानोवाल्याला त्याचा सोलो रंगलेला टेक हवा, मला माझा, आणि तिसराच टेक तिघांचा मिळून चांगला असतो जो कोणालाच आवडलेला नसतो. आम्ही काही आठवडे ऐकतच नाही, मग टेकचे नंबर लपवून ऐकतो. मिक्सिंगमध्ये खरं सांगायचं तर फार काही करायला उरत नाही.

आणि अल्बम बाहेर येईपर्यंत आम्ही त्याच ट्यून्स वेगळ्या लयीत, वेगळ्या शेवटासकट वाजवत असतो. मग गिगनंतर कोणीतरी येऊन तक्रार करतं की अल्बमवर होती तशी नाही वाजवलीत, आणि पियानोवाला हळूच मला पुढे करतो.