काकडीचा धीर

चैत्रातली दुपार. काकडीचं देठाकडचं टोक कापायचं, तीच चकती कापल्या जागी गोल गोल घासायची, पांढरा फेस आला की नळाखाली धरायची. का, ते आपल्याकडे कुणी विचारत नाही. कडूपणा देठाशी आणि सालीलगत जास्त असतो, म्हणजे श्रेय खरं तर सुरीचं. घासणं हे आपलं मनाचं समाधान असावं. तरी न घासता काकडी चिरणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

इंग्रजीत ही काकडी म्हणजे धीरोदात्तपणाचा नमुना. आभाळ कोसळलं तरी ज्याचा चेहरा हलत नाही, तो 'कूल ॲज अ कुकंबर'. १७३२ सालच्या जॉन गेच्या कवितेत ही उपमा आहे, पण तिथे संकट वगैरे काही नाही. मॉली प्रसन्न झाली तर बाकीच्या बायकांकडे काकडीच्या थंडपणानं बघेन, अशी प्रियकराची हमी आहे. मॉलीनं ती कितपत मनावर घेतली असेल, कोण जाणे!

मराठीत डोक्यावर ठेवायला बर्फ. काकडीच्या वाट्याला चोरी आणि फाशी. बरंच झालं. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी भावंडं आजही कडूजहर फळं धरतात, आणि माणसाळलेली काकडीही ताण पडला की मूळपदावर येते. ऊन तापलं, पाण्याची पाळी चुकली, की कुकर्बिटासिन हे कडू द्रव्य वाढतं आणि फळ कडू निघतं. म्हणून चिरल्यावर आधी एक फोड चाखायची.

मिठापुढे तर तिचा धीर पाच मिनिटं टिकत नाही. अंगात पंच्याण्णव टक्के पाणी, दुसरं काय होणार? खमंग काकडीसाठी दोन कोवळ्या काकड्या चोचवाव्यात, म्हणजे सुरीनं टोचत बारीक चिराव्यात. किसल्या की रस तिथेच सुटतो. पाव वाटी दाण्याचं कूट, अर्धा चमचा साखर, अर्धं लिंबू. चमचाभर तुपात जिरं तडतडलं की मिरचीचे तुकडे टाकून फोडणी वर ओतायची. मीठ आधी पडलं तर वाडग्यात तळं होतं, कूट फुगतं आणि सगळ्याचा लगदा. तसं झालंच तर पाणी पिळून थालीपिठाच्या पिठात जिरवावं, फेकू नये.

पाहुणे यायचे असतील तर काकडी नुसती चोचवून झाकून ठेवावी. मीठ पानं घेतल्यावर.