शिवसागराच्या काठावर अख्खा व्हिला

आम्हा सातारकरांची पाण्याकाठी राहायची हौस बहुतेक वेळा गणपतीपुळ्याला नाहीतर अलिबागला भागते. या वेळी आईच्या गुडघ्यांमुळे वाळूत चालणं शक्य नव्हतं. भावाचं कुटुंब, बहिणीचं तान्हं बाळ, असा सगळा गोतावळा होता. एवढ्या माणसांनी हॉटेलात राहायचं म्हणजे प्रत्येकाची खोली वेगळी, जेवणाच्या वेळा ठरलेल्या आणि बाळ रडलं की शेजारच्यांची काळजी. म्हणून आख्खा व्हिलाच घ्यायचा ठरवला, आणि तोही आपल्याच जिल्ह्यात, कोयना धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे शिवसागर जलाशयाच्या काठी, बामणोलीच्या अंगाला.

साताऱ्यातून निघालो, की समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वरचा घाट, कास. कासच्या फुलांचा हंगाम संपून दिवाळीही उलटली होती, त्यामुळे पठारावर पिवळं गवत आणि मोकळा रस्ता. कास तलाव मागे पडला की रस्ता उतरू लागतो, आणि एका वळणावर खाली शिवसागर दिसतो. गाडीतली सगळी बडबड तिथे थांबली.

व्हिला जांभ्या दगडाचा, कौलारू, पुढे लांब ओसरी. ओसरीच्या खाली छोटा पोहण्याचा तलाव आणि त्याच्याही खाली जलाशय. आईची खोली तळमजल्यावर होती, न्हाणीघरात धरायला दांडा होता. फोनवर मी आधी तेवढंच विचारून घेतलं होतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर बाकी सगळ्या सोयी त्याच्यानंतर.

आई दुपारी नऊवारी सावरून तलावात पाय सोडून बसली, ती उन्हं कलेपर्यंत. हॉटेलच्या तलावाकाठी ती कधी फिरकलीसुद्धा नसती. तिथे पोहण्याच्या कपड्यांचे नियम, अनोळखी माणसं. इथे बघणारं कुणी नव्हतं, टोकणारंही नव्हतं. खासगी व्हिलासाठी मोजलेले पैसे माझ्या मते त्या दुपारीच वसूल झाले.

स्वयंपाक तिथल्या राखणदाराच्या घरच्या वहिनी करत. वाघ्या घेवड्याची आमटी, नाचणीची भाकरी, जलाशयातला तळलेला मासा. पहिल्या रात्री आई त्यांना "मी बसते गं शेजारी" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दोघी मिळून भाकऱ्या थापत होत्या. वहिनींचे दीर मुंबईला माथाडी कामात. या खोऱ्यात घरटी एखादा माणूस मुंबईला असतोच. अशा ठिकाणी राहायला जाणाऱ्यांनी जेवण याच माणसांकडून घ्यावं, शहरातून खोके भरून आणू नये, असं मला मनापासून वाटतं. गावातल्या घरात चार पैसे राहतात, आणि चवीला तोड नसते.

सकाळी बोटीतून फिरायला निघालो. मी नावाड्याला विचारलं, "काका, तुमचं गाव कुठलं?" त्यांनी वल्ह्यानंच पाण्याकडे दाखवलं. "हितंच खाली. आमच्या आज्याची भातखाचरं हायती त्यात." कोयना धरण १९६० च्या दशकात पूर्ण झालं आणि या खोऱ्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. काही कुटुंबं वर सरकली, काही रायगड-ठाण्याकडे, काही सोलापूर-सांगलीकडे गेली. आज धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे. यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीला वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळतं. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून वीजक्षमता १,९६० मेगावॅट. राज्यातल्या किती घरांतले दिवे या खाचरांवर साठलेल्या पाण्यावर लागत असतील! काकांचं ऐकल्यावर ओसरीवरून दिसणारं पाणी मला नुसता देखावा वाटेना. मुलांनाही मी तेच सांगितलं, बोटीत बसल्या बसल्याच.

समोर वासोट्याचा डोंगर दिसतो. किल्ला कोयना अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी काढून बोटीनं पलीकडे जावं लागतं आणि पुढे जंगलातून चढण. भाऊ आणि पुतण्या जाऊन आले, आम्ही काठावरच रमलो.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी महत्त्वाचं. समुद्राला रोज भरती-ओहोटी असते, धरणाची वर्षातून एकदाच. पावसाळा संपताना जलाशय काठोकाठ असतो. पुढे वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडलं जातं, आणि एप्रिल-मेपर्यंत काठ खूप खाली जातो. जाहिरातीतले फोटो बहुतेक भरल्या पाण्याचे असतात. ओळखीचं एक कुटुंब मेमध्ये दुसऱ्या एका ठिकाणी गेलं होतं, तिथे ओसरीसमोर लांबच लांब उघडी लाल माती होती आणि पाणी पार खाली. त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी सगळ्यात उत्तम. उन्हाळ्यात जाणार असाल तर पैसे भरण्याआधी त्या आठवड्यातला फोटो मागवा.

जलाशयात पोहायला उतरू नका. काठ एकदम खोल जातो, तळाला गाळ आहे. पोहायचं ते व्हिलाच्या तलावात, आणि बोटीत लहान-थोर सगळ्यांनी जॅकेट घालायचंच. मोबाइलला रेंज मध्येच जाते, म्हणून नावाड्याशी वेळ आदल्या दिवशीच ठरवा. औषधं आणि बाळाचं दूध साताऱ्यातूनच घेऊन निघा, कारण मोठा बाजार म्हणाल तर मेढ्याला. मासा हवा असेल तर वहिनींना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, जाळं पहाटे टाकतात.