एका शून्याची गोष्ट

आज टीममधल्या एका मुलाचं प्रवासाचं बिल हातात आलं. रकमेतलं शेवटचं शून्य वेगळ्या शाईत. इतकं बाळबोध, की रागाआधी हसूच आलं. बोलावलं, तर त्यानं नाकारलंही नाही. म्हणाला, "सर, चार महिन्यांची बिलं अडकलीत. सुट्टीच्या दिवशी येतो, त्याचं कोणी काही देत नाही. म्हटलं, आपलं आपणच वसूल करावं."

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञाने अफरातफरीत तुरुंगात गेलेल्यांशी बोलून १९५३ मध्ये हेच मांडलं होतं: कोणाला सांगता न येणारी पैशांची अडचण, हाताशी असलेली संधी आणि स्वतःला पटेल असं समर्थन. अडचण त्याची. संधी मात्र माझी देणगी, कारण मी महिनोन्‌महिने न वाचता सह्या ठोकतोय. आणि समर्थन आमच्या अकाउंट्सनं घरपोच पुरवलेलं.

(फॉर्मच्या वरच सही घेतली तर लोक कमी खोटं बोलतात, असं सांगणारा २०१२ चा गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यातली आकडेवारीच बनावट निघाली! तेव्हा तसला फॉर्म आणायचा नाही, एवढं नक्की.)

बिल परत केलं, लेखी समज दिली. ती द्यायलाच हवी होती. अडचण खरी असली तरी शून्य खोटंच. मग अकाउंट्सकडून थकलेल्या बिलांची यादी मागवली. १९ नावं निघाली.

त्यातलं एक माझं. विसरूनच गेलो होतो.