नोव्हेना, नवस आणि चुकलेला बुधवार

नोव्हेना, म्हणजे आमची नऊ दिवसांची प्रार्थना, ही अंधश्रद्धा आहे का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. नागपुरात राहणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या माझ्यासारख्या कॅथलिक बाईला हा प्रश्न कुठे ना कुठे गाठतोच. स्टाफरूममध्ये सहकारी जरा जपून विचारतात. शेजारच्या काकूंनी मात्र सरळ विचारलं, "काहून वो मॅडम, तुमचं हे नऊ दिवसांचं म्हणजे आमच्या नवसासारखंच हाय ना? मंग त्याले अंधश्रद्धा काहून नाही म्हणत कोणी?"

म्हणतात, काकू. आमच्याच चर्चने म्हटलं आहे. संतांचा धावा करताना अंधश्रद्धा शिरली असेल तर ती काढून टाका, असं ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे आमच्या बिशपांच्या सभेने, १५६३ सालीच बजावलं होतं. १९९२ साली आलेल्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे आमच्या अधिकृत धर्मशिकवणीच्या ग्रंथात, २१११ क्रमांकाचा परिच्छेद याच विषयावर आहे. त्याचा आशय असा: प्रार्थनेचं किंवा संस्काराचं फळ केवळ बाहेरच्या कृतीमुळे मिळतं असं मानायचं आणि त्यासाठी लागणारी मनाची तयारी बाजूला ठेवायची, ही अंधश्रद्धाच. म्हणजे तुमचा प्रश्न आमच्या घरातलाच आहे आणि जुना आहे.

आधी नोव्हेना आली कुठून ते सांगते. येशू स्वर्गात गेल्यावर त्याचे शिष्य आणि त्याची आई मरिया यरुशलेमच्या माडीवरच्या खोलीत एकत्र राहून प्रार्थना करत राहिले. पवित्र आत्मा उतरला तो पेंटेकॉस्टच्या दिवशी. मधले दिवस नऊ. नऊ दिवसांच्या प्रार्थनेची परंपरा आम्ही त्या खोलीपर्यंत मागे नेतो. पुढे नोव्हेना खूप झाल्या. नाताळाची १६ ते २४ डिसेंबर. नागपुरातल्या सदर भागातलं आमचं कॅथीड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, ज्यांच्या नावाचं आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण २४ जानेवारीला, त्याच्या आधी त्यांची. आणि दर बुधवारची मरियामातेची, जिच्याबद्दल तुम्ही सगळे विचारता. ही अखंड चालते, नऊ बुधवार झाले की पुन्हा पहिला. मरियेच्या ज्या चित्रापुढे ती म्हणतात, ते मूळ जुनं चित्र रोममध्ये आहे. पोप नववे पायस यांनी १८६६ साली ते रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाच्या हाती सोपवलं. आठवड्याच्या नोव्हेनेची ही पद्धत १९२० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसला सुरू झाली आणि १९४८ साली मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आली. तिथे बुधवारी सगळ्या धर्मांची माणसं रांगेत दिसतात. नागपूरहून कामासाठी मुंबईला जाणारा आमच्यातला कोणी असला, तर त्याच्या पाकिटात दोन-चार घरांच्या चिठ्ठ्या हमखास असतात.

या चिठ्ठ्यांना आम्ही पेटिशन म्हणतो. मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, नवऱ्याची दारू, आईचा कॅन्सर. प्रार्थनेच्या वेळी त्यातल्या काही वाचल्या जातात, आणि ज्यांचं मागणं पूर्ण झालं त्यांची आभारपत्रंही. या आभारपत्रांविषयी मला शेवटी बोलायचं आहे.

तर सीमा कुठे? मला वाटतं, मागण्यात काही चूक नाही. मूल आईकडे मागतं, तसं मागावं. "रोजची भाकर दे" ही प्रार्थना तर येशूनेच शिकवली. आकड्यातही दोष नाही, नऊच्या जागी सात असते तरी चाललं असतं. मला धोका दिसतो तो भीतीत. एखादा दिवस राहिला तर काय, अशी धास्ती ज्या क्षणी बसते, त्या क्षणी ती प्रार्थना ज्याला करायची त्याच्यावरचा विश्वास संपलेला असतो. व्हॉट्सअॅपवर संत यहूदाची (येशूला धरून देणारा तो नव्हे, त्याच नावाचा दुसरा शिष्य) प्रार्थना येते आणि खाली लिहिलेलं असतं, नऊ जणांना पाठवा, साखळी तोडली तर वाईट होईल. पूर्वी अशीच पत्रकं हाताने लिहून लोक चर्चच्या बाकांवर ठेवायचे. असा निरोप मी पुढे पाठवत नाही, आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगते की तुम्हीही पाठवू नका. धमकी देणारा संत मला ठाऊक नाही.

त्याहून मला जास्त लागतं ते दुसरं वाक्य: "ही प्रार्थना आजवर कधीच फसली नाही." हे छापणाऱ्याने बायबल उघडून पाहिलं असतं तर! क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमनीच्या बागेत येशूने तीनदा विनवलं, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळो. टळला नाही. संत पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा तसाच राहिला. मग आपल्या हातातलं पत्रक गेथशेमनीहून भारी कसं झालं?

तुमच्यापैकी अनेकजण सेमिनरी हिल्सवरच्या लूर्दमातेच्या ग्रोटोवर, म्हणजे गुहेसारख्या प्रार्थनास्थळी, येऊन गेला आहात, मेणबत्ती लावून गेला आहात. फ्रान्समधल्या मूळ लूर्दची कथा १८५८ सालची, बर्नाडेट नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीची. तिला मातेचं दर्शन झालं, तिने हाताने उकरलेल्या जागी झरा लागला, आणि त्या पाण्याने बरं वाटावं म्हणून आजही जग तिथे लोटतं. लूर्दला १८८३ पासून डॉक्टरांचं मंडळ बरं झाल्याचे दावे तपासतं. इतक्या वर्षांत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या थोड्या वर आहेत. बाकी लाखो माणसं आजार घेऊन आली आणि आजार घेऊनच परतली. आणि बर्नाडेट? तिला लहानपणापासून दमा होता. पुढे हाडांचा क्षय झाला. १८७९ साली, पस्तिसाव्या वर्षी ती गेली. जिने झरा दाखवला तीच बरी झाली नाही, आणि तरीही चर्चने तिला संत म्हटलं. ही गोष्ट प्रत्येक नोव्हेनेच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापावी असं मला वाटतं.

आता उलट बाजूही सांगायला हवी, कारण बाहेरून पाहून निवाडा देण्याची घाई मला पटत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकत मिळतात आणि लोक ती मातेपुढे ठेवतात. शिकलेले लोक, त्यात आमचेही आले, नाक मुरडतात. पण जिला लिहिता येत नाही त्या बाईने गुडघेदुखीसाठी मेणाचा पाय ठेवला, तर ते तिचं पेटिशनच आहे. तिच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही. एकाच बाकावर दोघी बसलेल्या असतात, तोंडी तेच "नमो मरिये", आणि एक सौदा करत असते, दुसरी आपलं ओझं कुणाच्या तरी पायाशी उतरवत असते. कधी कधी या दोघी एकीच्याच मनात असतात. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये इथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नसेल तर कोणत्याही धर्माची प्रार्थना, उपासना त्याच्या बाहेर ठेवली आहे. मला ते योग्य वाटतं. कायदा इजेवर बोट ठेवू शकतो, मनातल्या सौद्यावर नाही. पण गोळ्या बंद करून नुसती नोव्हेना करा असं कोणी सांगत असेल, तर ती इजाच आहे, आणि तिथे मी फादरांची वाट न पाहता बोलते. आजाऱ्यासाठी प्रार्थनाही करा आणि डायलिसिसलाही न्या.

डायलिसिस शब्द सहज आला नाही. माझ्या ताईचे यजमान, आमचे भाऊजी, किडनीच्या आजाराने गेले. ताईने त्यांच्यासाठी बुधवार धरले होते. दवाखान्याच्या धावपळीत एखादा राहून जायचा. मातीनंतर भेटायला आलेल्यांपैकी एक बाई ताईचा हात धरून म्हणाली, "एखादा बुधवार चुकला असेल गं." ती दुष्ट नव्हती. तिला खरोखर तसं वाटत होतं. नवरा गमावलेल्या बाईच्या डोक्यावर नवऱ्याच्या मरणाचा दोष ठेवून ती चहा पिऊन गेली. काकू, तुम्ही अंधश्रद्धा कशाला म्हणतात विचारलंत ना, मी त्या वाक्याला म्हणते. देवाला हिशेबनीस करायचं, म्हणजे मागणं पुरं झालं नाही की चूक शोधायची, आणि ती सापडते नेहमी मागणाऱ्याच्याच पदरात.

ताई अजूनही बुधवारी जाते. मी तिला विचारलं, आता काय मागतेस? ती म्हणाली, "मागत काही नाही. त्या चिठ्ठ्या वाचतात ना, त्या ऐकते. ज्यांचं नाव कळतं त्यांच्यासाठी घरी येऊन रोजरी, आपली माळेवरची प्रार्थना, म्हणते." तिचं हे जाणं आणि त्या बाईचं ते वाक्य, दोन्ही एकाच नोव्हेनेतून आलं आहे. म्हणूनच "नोव्हेना अंधश्रद्धा आहे का" याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर मी देत नाही.

आता ती आभारपत्रं. नोकरी मिळाली, गाठ साधी निघाली, व्हिसा आला. ऐकून मला आनंद होतो, खोटं कशाला सांगू. पण दर आठवड्याला फक्त पुऱ्या झालेल्या मागण्यांचीच पत्रं वाचली, तर ज्यांचं मागणं राहिलं ते बाकावर बसून काय समजतील? आपण कमी पडलो, हेच. ताईसारख्यांचं पत्र कधी वाचलं जात नाही, कारण ते कोणी लिहीतच नाही. म्हणून मी आमच्या फादरांना विनंती केली आहे की महिन्यातून एका बुधवारी तरी असंही एक पत्र वाचू द्या: मी नऊ बुधवार मागितलं, मिळालं नाही, तरी मी इथे आले आहे. त्यांनी विचार करतो म्हटलं आहे. पहिलं पत्र लिहायला ताई तयार आहे.