बिल व्हेकची खोकी : तिसरं पूर्ण, चौथ्याची तयारी

मंडळी, बेसबॉल संघांचा मालक बिल व्हेक याच्या कारकिर्दीतले पाच प्रसंग पाच खोक्यांत उभे करायला घेतलेत, त्यातलं तिसरं काल रात्री पूर्ण झालं. प्रमाण नेहमीचंच, १:४८.

आधीच्या दोघांबद्दल थोडक्यात. पहिलं शिकागोच्या रिगली फील्डचं. १९३७ साली तिथल्या विटांच्या भिंतीलगत आयव्हीचे वेल लावले ते २३ वर्षांच्या व्हेकने, तेव्हा तो मालक व्हायचा होता. दिवाळीच्या किल्ल्यावर पसरतो तोच हिरवा भुसा वापरला, पण दोनदा चाळून; नाहीतर या मापात पानं ताटाएवढी दिसतात. दुसरं १९४९चं. आदल्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकलेल्या व्हेकच्या क्लीव्हलंड संघाचं विजेतेपद हातचं गेलं, तेव्हा व्हेकने विजेतेपदाचा झेंडा घोड्यांच्या शववाहिकेतून नेऊन मैदानातच पुरला.

आता तिसरं. सेंट लुईसचं स्पोर्ट्समन्स पार्क, १९ ऑगस्ट १९५१. डेट्रॉइटविरुद्धच्या डबलहेडरचा, म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ खेळलेल्या दोन सामन्यांपैकी, दुसरा सामना. व्हेकच्या ब्राउन्स संघाचा पहिला बॅटर म्हणून एडी गडेल आला. उंची ३ फूट ७ इंच, पाठीवर क्रमांक १/८. अंपायरने अडवलं, तर करारपत्र तयारच होतं. डेट्रॉइटचा पिचर (चेंडू फेकणारा) बॉब केन याचे चारही चेंडू डोक्यावरून गेले, असे चार चुकीचे चेंडू पडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, म्हणून गडेल चालत तिथे पोहोचला आणि त्याच्या जागी जिम डेलसिंग धावायला आला. दुसऱ्याच दिवशी लीगच्या अध्यक्षांनी करार रद्द केला.

गडेलची मूर्ती भरते जेमतेम २३ मिमी, सहा फुटी माणूस ३८ मिमी. पहिल्यांदा मी मोठ्या मूर्तीचीच मापं कमी करत गेलो आणि एम-सील वाळल्यावर बघतो तर शाळकरी पोरगा उभा! गडेल २६ वर्षांचा बाप्या होता. ती मूर्ती मोडली. दुसऱ्या वेळी जबडा रुंद केला, भुवया सुईने कोरल्या, मान थोडी पुढे काढली, तेव्हा माणूस दिसायला लागला. गणवेश मात्र खरोखरच नऊ वर्षांच्या मुलाचा होता, बिल डीविट ज्युनियरचा. हाच मुलगा पुढे सेंट लुईसच्याच कार्डिनल्स संघाचा मालक झाला. १/८ हा आकडा ब्रशने जमेना. शेवटी सुईच्या टोकाने, भिंगाखाली, एकेक ठिपका ठेवत काढला. बॅटरमागे चेंडू झेलणारा कॅचर बॉब स्विफ्ट, त्याला दोन्ही गुडघ्यांवर टेकवलाय, तो तसाच बसला होता.

हा प्रसंग सगळे हसण्यावारी नेतात, मला तो तसा करायचा नव्हता. गडेल १९६१ साली, ३६व्या वर्षी गेला. बेसबॉलमधून त्याच्या अंत्यविधीला आलेला माणूस म्हणजे हाच बॉब केन. हे वाचल्यापासून केनच्या चेहऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. चार संध्याकाळी, आणि अजूनही डावा डोळा मनासारखा नाही.

चौथं खोकं मात्र जड जाणार. ५ जुलै १९४७, शिकागोचं कोमिस्की पार्क. व्हेकने लॅरी डोबीला क्लीव्हलंडमध्ये घेतलं आणि बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगला पहिला काळा खेळाडू मिळाला. आधुनिक काळातला पहिला काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगमध्ये उतरला त्याला तीन महिनेही झाले नव्हते. रॉबिन्सनच्या वेळी त्याच्या जुन्या संघाला दमडी मिळाली नव्हती. व्हेकने मात्र डोबीसाठी त्याच्या जुन्या, काळ्या खेळाडूंच्या नेवार्क ईगल्स संघाच्या मालकीण एफा मॅन्ली यांना रीतसर पैसे मोजले. माझ्या लेखी व्हेकचं सगळ्यात मोठं काम हेच, झेंड्याच्या अंत्ययात्रेपेक्षा कितीतरी मोठं.

मैदान करणार नाही, लॉकररूम करणार. नव्या सहकाऱ्यांशी ओळख करून देताना काहींनी डोबीचा हात हातात घेतला नाही, तो क्षण. व्हेकही खोक्यात नसेल. डोबीच्या उजव्या हाताची तार वाकवून झालीय, पुढे केलेली, कोपरात किंचित मुडपलेली. समोरच्या माणसाचे हात कुठे ठेवायचे, यावर घोडं अडलंय. पाठीमागे बांधले तर फार नाटकी दिसतं. सध्या बुटाची नाडी बांधताना वाकलेला करून बघतोय.