बेडबॉक्समधलं पाणी अखेर सापडलं: बोल्नुएवोहून जानेवारीचा वृत्तान्त

मंडळी, या हिवाळ्यात आमची कॅरॅव्हान स्पेनच्या किनाऱ्यावर बोल्नुएवोच्या कॅम्पमध्ये उभी आहे आणि तिच्या मागच्या बेडबॉक्समध्ये रोज सकाळी पाणी सापडतंय. ते पाणी दवाचं नाही. नळाचं आहे! पुरावा हातात आहे आणि तो दिलाय पुण्याच्या फ्लॅटमधून सोबत आलेल्या टीडीएस पेनाने, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणाऱ्या मीटरने.

तो उजवा मागचा कोपरा तुम्हाला आता तोंडपाठ असेल. रोज सकाळी गादी उचलायची, फळी काढायची, कोपऱ्यात चमचा-दोन चमचे पाणी. दिवसभरात वाळायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्लायमध्ये ओलाव्याच्या मीटरच्या सुया टोचल्या की 26 टक्के. पंधराच्या आत असेल तर निवांत राहावं, विसाच्या वर गेलं की झोप उडावी, असा हा आकडा. माझी उडालीच होती.

सगळे म्हणत होते, दव. शेजारचे डच आजोबा गेली कित्येक वर्षं हिवाळ्याला इथे येतात, त्यांच्या मते कॅरॅव्हानमधल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ दव असतं. हिशेबही त्यांच्याच बाजूने होता. पहाटे आत 17 अंश, आर्द्रता 68 टक्के, म्हणजे दवबिंदू 11 च्या आसपास. त्या कोपऱ्यातली भिंत 9 अंशांवर. गरम हवेचा पाइप तिथपर्यंत पोचत नाही, वरून गादी दाबून बसलेली. पाणी सुटणारच. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यात आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ कुकरच्या शिट्ट्या.

म्हणून डिसेंबरभर दवाशीच झुंज दिली. स्वयंपाक पूर्णपणे ऑनिंगमध्ये, म्हणजे कॅरॅव्हानला जोडलेल्या तंबूत, हलवला. हा बदल मात्र मी कायम ठेवणार आहे, कारण फोडणीचा वास अंथरुणात येत नाही. सुपरमार्केटमध्ये मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवले. ते डबे भरताना बघून फार बरं वाटतं, पण माझं मत विचाराल तर पैसे वाया. कॅरॅव्हानला कायमची उघडी व्हेंट, म्हणजे हवेची भोकं, असतात, त्यामुळे तो डबा अख्ख्या भूमध्य समुद्राची हवा वाळवत बसतो. आणि हो, थंडी वाजते म्हणून जमिनीतली भोकं बुजवणाऱ्यांनो, कृपा करा, ती बुजवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळालाच तर तो तिथूनच खाली जातो.

संशय आला तो पोनिएंते वाऱ्यामुळे. इथले वारे दोन. लेवांते समुद्रावरून येतो, तो असला की टॉवेलसुद्धा वाळत नाही. पोनिएंते इथे जमिनीवरून येतो, कोरडा ठणठणीत. नाताळानंतर तो सुटला आणि बाहेरची आर्द्रता 35 वर आली. खिडक्या सकाळी कोरड्या, ऑनिंगचं कापड कोरडं, आरसाही कोरडा. बेडबॉक्सचा कोपरा मात्र ओला, अगदी पूर्वीइतकाच. पाऊस तर कित्येक दिवसांत नव्हता, म्हणजे छपराच्या सीलंटवरही आळ घेता येईना.

मग आठवला टीडीएस पेन. आपल्याकडे आरओवाला घरी आला की आधी ग्लासात तो बुडवून आपल्याला घाबरवतो, तोच. विचार सोपा होता. दवाचं पाणी म्हणजे जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी, त्यात क्षार नसतात. इथलं नळाचं पाणी मात्र जड. मुर्सियाच्या या भागात नदीचं, कालव्याचं आणि समुद्राचं क्षार काढलेलं पाणी मिसळून येतं. किटलीत पांढरा थर बसायला आठवडा लागत नाही. तर आधी लेवांतेच्या एका दमट सकाळी खिडकीच्या काचेवरचं पाणी कोऱ्या टिश्यूने टिपून बाटलीच्या झाकणात पिळलं. पेनावर आकडा आला 41. मग नळाचं पाणी घेतलं. 640. शेवटी बेडबॉक्समधलं. पेन झाकणात उभा धरला, आकडा वर चढत गेला आणि 690 वर थांबला.

मी नवऱ्याला हाक मारली. तो ऑनिंगचे पट्टे आवळत होता. "अगं, प्लायची धूळ विरघळली असेल त्यात," म्हणाला. विरघळली असेलही, पण धुळीने 41 चे 690 होत नाहीत. वरचे पन्नास मी धुळीला दिले.

इथून खरी डोकेदुखी सुरू झाली, कारण पाण्याची सगळी लाइन मी आधीच तपासली होती. दिवसा. पंप चालू, नळ चालू, टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाला बोट लावून. सगळं कोरडं. आता बेडखालच्या प्रत्येक जोडाला टिश्यूची पट्टी बांधली आणि प्रत्येक पट्टीवर जेल पेनाने आडवी रेघ मारली. ही युक्ती लक्षात ठेवा. टिश्यू ओला होऊन पुन्हा वाळला तरी फुटलेली शाई खोटं बोलत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या रेघा शाबूत. सकाळी बॉयलरमागच्या प्लास्टिकच्या एल्बोवरची, म्हणजे नळीच्या काटकोनी जोडावरची, रेघ पसरून निळा डाग झालेला, बाकी सगळ्या जशाच्या तशा.

दिवसा कोरडा आणि रात्री ओला एल्बो! सिटी वॉटर वापरणाऱ्यांच्या, म्हणजे कॅम्पचा नळ थेट गाडीला जोडणाऱ्यांच्या, डोक्यात एव्हाना दिवा लागला असेल. संध्याकाळी सगळा कॅम्प भांडी घासतो, अंघोळी करतो, तेव्हा नळाचा दाब कमी असतो. रात्री सगळे झोपले की लाइन तटतटते. पण आमच्याकडे तर दाब कमी करणारा रिड्यूसर आहे! जर्मनीतल्या एका कॅम्पिंगच्या दुकानातून घेतलेला, चकचकीत, डब्यावर 1.5 बार लिहिलेला.

म्हणून गावातल्या ठिबकच्या दुकानातून ग्लिसरीन भरलेला प्रेशर गेज आणला. हा सगळा भाग टोमॅटो आणि पालेभाज्यांच्या शेतीचा, त्यामुळे कॅम्पिंगच्या दुकानात चौपट किमतीला मिळणारं पितळी सामान इथे ठिबकच्या दुकानात पोत्याने पडलेलं असतं. जैन इरिगेशनच्या नळ्या बघत मोठं झालेल्या माणसाला तिथून बाहेर पडवत नाही. गेज रिड्यूसरच्या पुढे बसवला. रात्री झोपताना 1.6. पहाटे चार वाजता स्वेटर चढवून, डोक्याला टॉर्च बांधून बाहेर गेले. 3.8 बार.

म्हणजे पाणी वाहत असताना रिड्यूसर चोख काम करतो. सगळे नळ बंद झाले की आतली सीट पूर्ण बसत नाही, पाणी थेंबाथेंबाने पुढे झिरपत राहतं आणि दाब हळूहळू मुख्य लाइनच्या बरोबरीला येतो. दुकानात याची परीक्षा कोणी घेत नाही, कारण तिथे नळ उघडून दाखवतात. आमच्या कॉम्बीला, म्हणजे हीटर आणि बॉयलर एकत्र असलेल्या यंत्राला, 2.8 बारपर्यंतच चालतं. पहाटे गाडीखाली फ्रॉस्टकंट्रोल या बॉयलरच्या सुरक्षा व्हॉल्व्हच्या नळीजवळ जमीन ओली का दिसायची तेही उलगडलं. तो व्हॉल्व्ह थंडीत 3 अंशांच्या आसपास स्वतः उघडतो, पण इतकी थंडी इथे पडलीच नव्हती. जास्तीचा दाबसुद्धा तोच बाहेर सोडतो.

आत येऊन फळी उचलली. एल्बोच्या खालच्या कडेला एक थेंब फुगत होता. क्षणभर लटकून राहिला, मग क्लिपच्या स्क्रूवरून घरंगळत प्लायवर आणि उतारावरून थेट आपल्या लाडक्या कोपऱ्यात. त्या थेंबाकडे बघत मी किती वेळ बसले कोण जाणे. नवऱ्याने पांघरुणातून विचारलं, "सापडलं का?" "सापडलं," म्हटलं. "मग झोप आता."

क्लिप बदलली, नळीचं टोक अर्धा इंच कापून पुन्हा बसवलं, रात्री बाहेरचा नळ बंद करतोय. कोपरा कोरडा. प्लाय 26 वरून 19 वर आलंय. गादी उभी, खाली लाकडी पट्ट्या आणि जुन्या कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा दिवसरात्र. डिह्युमिडिफायर घेणार होते, तो बेत रद्द.

लाकडावरून आठवलं. इथून जवळच माथारॉनच्या किनाऱ्यालगत फिनिशियन काळातली बोट वाळूखाली सापडली होती, इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातली. नोव्हेंबर 2024 मध्ये तिचे भाग बाहेर काढून कार्ताखेनाला नेले. ओल्या वाळूत, हवा न लागता ते लाकूड सव्वीसशे वर्षं टिकलं. आमचं प्लाय एका हिवाळ्यात मऊ पडायला निघालं होतं.

गॅसचं थोडक्यात, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. जर्मनीचे करडे 11 किलोचे प्रोपेनचे सिलिंडर इथे बदलून मिळत नाहीत, ते एक सोडून संपले. आता नारंगी 12.5 किलोचा ब्युटेन, वर क्लिपचा 30 मिलिबारचा रेग्युलेटर. गॅस लॉकरमध्ये आरामात मावतो आणि सरकार कमाल दर ठरवून देतं म्हणून भावाची घासाघीस नाही. ब्युटेन शून्याच्या जवळ आला की वाफ व्हायचं नाव घेत नाही. इथे किनाऱ्यावर ती वेळ येत नाही. पण परतीला डोंगर ओलांडायचा असेल तर प्रोपेनचा एक सिलिंडर हवाच. मी करडा एक राखून ठेवलाय.

एक छोटा आनंद: बाजारात काबाया मिळाला, आपल्या बांगड्याच्याच कुळातला. घरून आणलेली त्रिफळं घालून ऑनिंगमध्ये तिखलं केलं. डच आजोबा वासाने आले, दोन वाट्या जेवले आणि जाता जाता म्हणाले, तरी थोडं दव असेलच.

आता पुढचं. ठरलं होतं की चांगला डायफ्रॅमचा रिड्यूसर घ्यायचा. सहा जानेवारीला तीन राजांच्या सणाची सुट्टी, त्यात ऑर्डर अडकली. तेवढ्यात वाटलं, सिटी वॉटरच सोडावं. चाळीस लिटरचं लोळवत न्यायचं पिंप घ्यावं, त्यात पाण्यात बुडवायचा डिप पंप टाकावा. गळती झालीच तर चाळीस लिटरच्या वर जाणार नाही. पण ते पिंप रोज लोळवायचं कोणी? नवऱ्याची पाठ आणि माझा गुडघा, दोघांचाही नकार आहे.

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय: त्या ठिबकच्या दुकानात बॅटरीवरचे टायमर होते, शेतात पाणी सोडायचे. तो बाहेरच्या नळावरच बसवला आणि रात्री दहा ते सकाळी सात बंद ठेवला तर? रात्री उठून कोणाला नळ लागलाच तर बाटली आहे. एकच अडचण दिसते: टायमर बंद होईल तेव्हा लाइनमध्ये जेवढा दाब असेल तेवढा आतच कोंडला जाईल, म्हणून झोपण्याआधी आतला एक नळ क्षणभर उघडून दाब सोडायला हवा. पिंपाचा बेत बाजूला, रिड्यूसरची ऑर्डर तशीच राहू दे, उद्या सकाळी आधी टायमर.

कोणी असा टायमर कॅम्पच्या नळावर वापरला असेल तर सांगा: 4-5 बारच्या दाबावर त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का? डब्यावर काय लिहिलंय ते सांगू नका, गेज लावून पाहिलेला आकडा सांगा.